साहेब, सर, साइँला

अमेरिकेच्या 'पीस कोअर'चे पहिले स्वयंसेवक १९६२ साली नेपाळात उतरले, तेव्हा तिथे १८५४चा मुलुकी ऐन लागू होता. जंगबहादुर राणांच्या या कायद्याने गोऱ्या माणसाची पायरी ठरवून टाकली होती. तो म्लेच्छ, शिवला तर विटाळ नाही, पण त्याच्या हातचं पाणी चालायचं नाही. केनेडींनी पाठवलेला, नुकताच पदवीधर झालेला पोरगा कागदोपत्री या पंक्तीत! पुढच्याच वर्षी नव्या ऐनाने जातिभेद कायद्यातून काढला. चुलीपर्यंत ती बातमी पोहोचायला अर्थातच वेळ लागला.

असा पोरगा शाळेत 'सर' असतो, बाजारात पाठीमागून 'कुइरे', म्हणजे गोरा. चहाच्या दुकानात तो व्हिसा देणारा साहेब. नाही म्हणाला तर मुद्दाम देत नाही, एवढंच. तो राहतो त्या घरात मात्र पंचाईत. हाक मारायची तर नातं हवं. घरात जेठा आणि माइला आधीच असले, तर हा तिसरा, साइँला. आईबापांनी ठेवलेलं नाव टपालापुरतं उरतं.

आणि नातं काही फुकट मिळत नाही. धाकट्या भावाचं लग्न झालं, की साइँला झाला जेठाजू, म्हणजे थोरला दीर. बाहुन-क्षेत्री, म्हणजे ब्राह्मण-क्षत्रिय घरांत जेठाजूने धाकट्या भावजयीला शिवायचं नसतं. नव्या नवरीचं अभिनंदन करायला याने उत्साहाने पुढे केलेला हात तसाच राहतो, आणि ती पदर ओढून भिंतीला लागते. म्लेच्छ होता तोवर शिवायची हरकत नव्हती. घरचा झाला आणि आली!

ब्रॉटन कोबर्न १९७३मध्ये असाच शिकवायला गेला आणि विष्णुमाया गुरुङ या म्हातारीच्या म्हशींच्या गोठ्यावरच्या माळ्यात राहिला. तिने त्याला मुलगा मानलं, त्याने तिच्यावर 'नेपाली आमा' हे पुस्तक लिहिलं, आणि पुढे तिला अमेरिका फिरवून आणली. मुलगा म्हटल्यावर आईला यात्रा घडवणं आलंच.

खरी परीक्षा तिहारात, म्हणजे तिथल्या दिवाळीत, भाईटीकेला. ही आपलीच भाऊबीज. फक्त कपाळावर सात रंगांचा टिळा, गळ्यात मखमलीच्या फुलांची माळ आणि उंबऱ्यात फोडलेला अक्रोड. आपल्याला गावात बहिणी किती, हे साइँल्याला त्या दिवशी कळतं. त्याचा भत्ता किती, हे बहिणींना आधीपासून ठाऊक असतं.