तासाला किती?

अमेरिकेतल्या ट्रॅप नेमबाजीच्या कुठल्याही क्लबवर रविवारी सकाळी जा, पाचजणांच्या पथकात तो हमखास सापडेल. ओळखायला सोपा. बाकी चौघांचं लक्ष आभाळात उडणाऱ्या तबकडीकडे असतं, याचं जमिनीकडे. शेजाऱ्याच्या बंदुकीतून उडालेली रिकामी पुंगळी लाल विंचेस्टर एए आहे की हिरवी रेमिंग्टन एसटीएस, हे त्याला आधी कळतं. तबकडी फुटली की नाही, ते मागाहून. 25 तबकड्यांची फेरी संपली, की तो पिशवी पुढे करून अदबीनं विचारतो, "या तुम्हाला नकोच असतील ना?"

रिकाम्या पुंगळ्या घरी पुन्हा भरण्याचा हा नाद त्यानं पैसे वाचवण्यासाठी लावून घेतला. निदान घरी तसं सांगितलेलं आहे. कृती साधी: पुंगळीतला जळका प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) काढायचा, नवा ठोकायचा, वर मोजून दारू, त्यावर प्लॅस्टिकचा वॅड, त्यात छर्रे, आणि मोदकाच्या कळ्या मिटवाव्यात तसं पुंगळीचं तोंड सहा किंवा आठ घड्यांनी मिटवायचं. छर्र्यांची पिशवी 25 पौंडांची, म्हणजे 400 औंस. काडतुसाला एक औंस धरला तर एका पिशवीत 400 काडतुसं. हा हिशेब तो झोपेतून उठवलं तरी सांगेल. त्यात हे सगळं करणाऱ्या यंत्राची किंमत कुठे धरली, असं विचारलंत, तर मात्र त्याला एकदम आजच्या वाऱ्याविषयी बोलावंसं वाटतं.

त्याची सुरुवात चारचौघांसारखीच झाली. विस्कॉन्सिनमधल्या मेव्हिल गावच्या मेक कंपनीच्या 600 ज्युनियरवर. हे यंत्र गरीब स्वभावाचं. एका वेळी एक पुंगळी घ्यायची, हातानं एका थांब्यावरून दुसऱ्यावर सरकवायची आणि दर थांब्याला हँडल ओढायचं. आठवड्याला काडतुसांची चार खोकी उडवणाऱ्याला ते जन्मभर पुरतं. त्यालाही पुरलं असतं. पण कुणीतरी त्याला प्रोग्रेसिव्ह प्रेस दाखवला. गोल फिरत्या चकतीवर सगळ्या थांब्यांना एकेक पुंगळी बसलेली. हँडल एकदा ओढलं की प्रत्येकीचं एकेक काम उरकतं, आणि चकती भरली की दर ओढीला एक तयार काडतूस बाहेर. त्या दिवसापासून कुठलंही यंत्र दिसलं की त्याचा पहिला प्रश्न एकच: "तासाला किती?"

मग वही आली. वहीत एकेका प्रोग्रेसिव्ह यंत्राचे रकाने आले. मेक 9000: किंमत बेताची, पण सारख्या बारीकसारीक जुळवाजुळवी. त्याचीच हायड्रॉलिक आवृत्ती: हँडल नाही, पायानं दाबायचं, खांदा वाचतो. आयडाहोची पॉन्सनेस वॉरेन: पुंगळी सगळा प्रवास साच्यातच करते, त्यामुळे बाहेर पडते ती सरळ. डिलनची एसएल 900: पुंगळ्या आपोआप पुरवणारी. आणि सोनेरी झळाळीची स्पोलर. तिच्या रकान्यात किंमत लिहायची सोडून त्यानं नुसती एक रेघ ओढली आहे. ही वही घेऊन तो लोकांच्या गॅरेजांतून हिंडतो आणि प्रत्येक मालकाकडून आपलंच यंत्र कसं सर्वांत उत्तम, हे ऐकून येतो. त्यामुळे निवड दरवेळी थोडी आणखी अवघड होते.

अखेर यंत्र येतं. पहिल्या पाच मिनिटांत काडतुसांचा ढीग पडतो आणि त्याचा चेहरा उजळतो. सहाव्या मिनिटाला एक प्रायमर खाली उतरत नाही. पुंगळीच्या बुडाचं भोक उघडंच राहतं आणि पुढच्या थांब्यावर पडलेली दारू त्यातून गळून चकतीखाली पसरते. ती झाडायच्या गडबडीत तो पुन्हा हँडल ओढतो. वॅड नसलेल्या पुंगळीत छर्रे पडतात, उरलेले जमिनीवर. त्या गॅरेजात पुढची कित्येक वर्षं जपून चालावं लागतं. एकपुंगळी यंत्रावर एक चूक एकच काडतूस बिघडवते; इथे चूक सापडेपर्यंत चार पुढे गेलेली असतात. दारूची बाटली रिकामी झालेली लक्षात आली नाही, तर क्लबवर ठो ऐवजी फुस्स होतं आणि वॅड नळीतच अडकून बसतो. तो न काढता पुढचा बार काढला तर नळी फाटू शकते. म्हणून फुस्स ऐकू आलं की सगळं पथक थांबतं, नळी तपासली जाते आणि सगळे त्याच्याकडे बघतात. तो आपल्या पिशवीकडे बघतो.

तरी त्याचं सगळंच चुकतं असं नाही. स्कीट या तबकडी-नेमबाजीच्या दुसऱ्या प्रकारात 12, 20, 28 गेज आणि .410 अशी बंदुकीची चार मापं लागतात. त्यातल्या धाकट्या दोघांत शिसं कमी, पण दुकानातली किंमत 12 पेक्षा जास्त, कारण त्यांचा खपच थोडा. तिथे घरी भरण्यात खरोखर पैसा सुटतो. (मेकचं प्रोग्रेसिव्ह एकाच मापाचं असतं, म्हणून त्याच्याकडे आता चार यंत्रं आहेत, हा भाग वेगळा.) आणि 2020 मध्ये अमेरिकेतल्या दुकानांतून प्रायमर गायब झाले, तेव्हा त्याच्या फळीवर पेट्या रचलेल्या होत्या. पुंगळ्या वेचताना त्याला हसणारे त्या वर्षी त्याला आधी नमस्कार करू लागले. प्रायमर त्यानं कुणाला दिले नाहीत. सल्ला मात्र भरपूर दिला.

तेव्हा असं यंत्र घ्यायचं मनात असेल, तर अवश्य त्याला गाठा, पण "तासाला किती?" विचारू नका. तो आकडा यंत्र न अडकता चालेल त्या तासाचा असतो, आणि तसा तास त्यालाही अजून भेटलेला नाही. "अडकलं तर मोकळं करायला किती वेळ लागतो?" हे विचारा. नुसतं 12 गेज आणि तेही अधूनमधून झाडत असाल, तर सेलमधली खोकी घ्या आणि सुखी राहा. वाचलेल्या पैशांचं काय केलं, हेही त्याला विचारून घ्या. त्या पैशांची त्यानं आणखी काडतुसं भरली आणि झाडली. खर्च एका डॉलरनंही कमी झालेला नाही. नेम मात्र सुधारला आहे.