पाचवी पिन

यूएसबीच्या कारभारात समानता औषधालाही नाही. एक होस्ट, बाकी सगळे डिव्हाइस, आणि होस्टनं विचारल्याशिवाय डिव्हाइसनं तोंड उघडायचं नाही. माउससुद्धा आपण होऊन काही सांगत नाही; दर काही मिलिसेकंदांनी होस्ट विचारतो, "हललास का?", तेव्हा कुठे तो "हो" म्हणतो. लग्नाच्या बैठकीत नवऱ्या मुलाची असते तशी ही अवस्था. 1996 पासून हे असंच चाललंय.

माझा भाचा लातूरचा, शिकतो नांदेडला, विष्णुपुरीत. सोयाबीनमधला ओलावा मोजून पेनड्राइव्हवर नोंदवणारं यंत्र तो करतोय. आडतीवर ओलाव्यावरून भाव पडतो, तेव्हा विषय जिव्हाळ्याचा. पण यंत्रातला बोर्ड पेनड्राइव्हला ओळखच देईना.

"मामा, बोर्डाला वाटायलंय की आपणच पाहुणा हाव."

दोन पाहुणे समोरासमोर बसले, की चहा कोण टाकणार?

मायक्रो यूएसबीत नेहमीच्या चार तारांखेरीज पाचवी पिन असते, आयडी नावाची. ती जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, टेकली की बोर्ड यजमान म्हणजे होस्ट, अधांतरी राहिली की पाहुणा म्हणजे डिव्हाइस. नुसतं टेकवून भागत नाही. चिपच्या एकेका पायाला चार-चार नोकऱ्या असतात. हा पाय आज यूएसबीचं काम करील, असं डिव्हाइस ट्री नावाच्या फाइलीत लिहून द्यावं लागतं. त्यात 'होस्ट' असंही नोंदवायचं. शिवाय यजमान म्हटलं की खर्च आलाच: 5 व्होल्ट आपल्या पदरचे. पाहुण्याची ओळख पटेपर्यंत 100 मिलिॲम्पिअर, नंतर 500 पर्यंत. तो पुरवठा सुरू करणारी पिन बऱ्याचदा उलट्या खोपडीची, शून्य लिहिलं की चालू होणारी. इतकी शिस्त सरकारी कचेरीत असती तर!

कचेरीवरून आठवलं. 2009 मध्ये विभागीय आयुक्तालय नांदेडला करायचं ठरलं आणि लातूर पेटून उठलं. एकाच मराठवाड्यातली ही दोन शहरं. दोघांनाही होस्टच व्हायचंय, डिव्हाइस व्हायला कुणी राजी नाही. प्रश्न लोंबकळला. कागदावर होस्ट लिहिलं, तरी 5 व्होल्ट आलेच नाहीत.

भाच्याच्या मते आता मायक्रोचा जमाना गेला, टाइप-सी घ्या. त्यात काही पोर्ट दोन्ही भूमिका करणारे असतात. असे दोन समोरासमोर आले की दोघंही भराभर पाळी बदलत राहतात, क्षणात यजमान, क्षणात पाहुणा, आणि एकाची ही नि दुसऱ्याची ती अशी गाठ पडली की ठरून जातं. भांडण नाही, मोर्चा नाही.

मी म्हटलं, आयुक्तालयाला हेच लावू. सहा महिने नांदेड, सहा महिने लातूर.

"पहिले सहा महिने कुणाचे?" भाच्यानं लगेच विचारलं. लातूरचाच तो.