तुतारी, तांबोशी आणि भावोजी

सव्वाचार फुटांचं गोल नळकांडं खांद्याला लावून तुतारी एक्स्प्रेसमध्ये चढलं, की लोक दुसरं काय विचारणार? समोरच्या बाकावरच्या आजोबांनी विचारलंच, "तुतारी का हो?" या गाडीला २०१७ साली केशवसुतांच्या कवितेवरून हे नाव मिळालं, निदान एक तरी प्रवासी नावाला जागतोय, या कौतुकानं ते पाहत होते. "नाही, गळाची काठी आहे," एवढं सांगून विषय संपला असता. पण भावोजींनी रॉडची 'ॲक्शन' म्हणजे काय, इथून सुरुवात केली. आजोबा ठाण्यालाच झोपले. मला तेवढी सोय नव्हती, कारण वरच्या बर्थवर नळकांडं झोपलं होतं.

भावोजी मूळचे अलिबागचे. तिकडे जिताडा शेतातल्या तळ्यात पोसतात आणि ज्या साहेबाकडे काम अडलं असेल त्याच्या घरी पोचवतात. अशा सुसंस्कृत गावातल्या माणसाला पन्नाशीत वाटलं, की हा मासा आपण खाडीत जाऊन, कृत्रिम आमिषावर, समोरासमोर पकडायचा. भर समुद्रात जायचं नाही. खडक, खाडीचं तोंड, तिवरांची मुळं अशा ठिकाणी दबा धरून बसणारे जिताडा, तांबोशी, कोकर, गोबरा हे शिकारी मासे गाठायचे. त्यासाठी वर्षभर अभ्यास झाला आणि खरेदी झाली. ताईच्या मते फक्त खरेदी झाली.

खरेदीमागे शास्त्र होतं, हे मान्य करायला हवं. रॉड आठ फुटी: शेंडा लवचीक, म्हणजे वीस ग्रॅमचं आमिष लांब जातं, बुंधा ताठ, म्हणजे मुळांत शिरू पाहणाऱ्या माशाला ओढून बाहेर काढता येतं. दोरी तीस पौंडी, विणलेली. ती नायलॉनसारखी ताणत नाही, त्यामुळे माशानं नुसतं हुंगलं तरी हाताला कळतं. पण खडकाला घासली की तिचं आयुष्य संपलं. म्हणून तिच्या टोकाला वावभर जाड फ्लुरोकार्बनचा 'लीडर' बांधायचा. शिवाय जिताड्याच्या कल्ल्यांवरच्या झाकणांना धार असते. मासा आला-आला म्हणेपर्यंत बारीक दोरी कापली जाते. रील शिमानोचं. ही कंपनी १९२१ साली जपानमधल्या साकाई गावात सायकलचे फ्रीव्हील बनवत सुरू झाली, आणि आजही सायकलचे गिअर बनवते. "मग त्यांच्याकडून सायकलच घ्यायची," ताई म्हणाली होती, "पोट तरी उतरलं असतं."

आणि आमिषं! पॉपर, मिनो, रबरी शॅड. डबा उघडला की गणपतीच्या मखराला पुरतील इतके रंग. फिनलंडच्या लाउरी रापाला या कोळ्यानं १९३६ च्या सुमारास बुचाचा मासा कोरला आणि त्याला चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळला. त्याचं निरीक्षण असं, की मोठा मासा थव्यातल्या धडधाकट माशाच्या नाही, डगमगत पोहणाऱ्याच्या मागे लागतो. त्या गरीब माणसाच्या बुचाचे वंशज आज एकेक हजार रुपयांना मिळतात, आणि भावोजींकडे त्यांचं अख्खं गोत्र होतं.

कुडाळला उतरून मालवणमार्गे देवबागला पोचलो. इथे कर्ली नदी समुद्राला मिळते. होडीवाला तिशीतला, लुंगी आणि गॉगल. मला वाटलं, आता हा साधी गरी काढून आमच्या सामानाची लाज काढणार. प्रवासवर्णनांत असंच होतं. यानं डबा उघडला, तीन मिनो बाजूला काढले आणि म्हणाला, "ह्यांचे हूक बदला. जपानी लावा, ह्ये वाकतत." मग रील कानाशी धरून फिरवलं. "बेअरिंगात मीठ गेलां तर आवाज येतलो. सांजेक गोड्या पाण्यान धुवा, पण पायपाखाली धरू नको." भावोजींचा चेहरा उजळला. जन्मभर शोधत असलेला गुरू लुंगीत सापडला होता.

गुरूनं पुढचा प्रश्न मात्र वाईट विचारला. "उद्या तिथ खंयची?"

भावोजींनी पावसाळी बंदीचे महिने टाळले होते, लाँग वीकेंड पाहिला होता, तिथी नाही. उद्या अष्टमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, म्हणजे आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, बाराला सुकती, आणि तीही भांगाची. पाणी आळसावलेलं. वाहत्या पाण्याबरोबर लहान मासा खाडीत ये-जा करतो आणि मोठा मासा वळणावर तोंड उघडून उभा राहतो. पाणीच थांबलं तर तोही जांभई देतो. इतकी साधी व्यवस्था आहे, आणि ती कुठल्याही दुकानात मिळत नाही.

सकाळी निघालो. आधी 'ड्रॅग' लावायचा, म्हणजे किती ओढ बसली की रीलनं दोरी सोडायची ते ठरवायचं. नियम असा, की दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसरा हिस्सा. तीस पौंड म्हणजे साडेतेरा किलो, तेव्हा ड्रॅग चारच्या आसपास. हे मोजायला भावोजींनी विमानाच्या बॅगा तोलायचा काटा आणला होता. तो मी धरायचा आणि त्यांनी रॉड वाकवायचा. शेजारून जाणाऱ्या पर्यटकांच्या बोटीतलं एक पोर ओरडलं, "मम्मी, त्या काकांना मासा समजून ओढतायत!"

पहिली फेक तिवराच्या फांदीत गेली. "झाडाक लागलो," होडीवाला शांतपणे म्हणाला. लीडरची नवी गाठ बांधायची म्हणून भावोजींनी फोनवर व्हिडिओ लावला, नेटवर्क गेलेलं. होडीवाल्यानं दोरी दातात धरली आणि माझी शिंक पुरी व्हायच्या आत गाठ मारली. नंतर काही तरी जड लागलं. जिताडा, जिताडा! वर आला शिंगाळा, मिशा फेंदारून. त्याचा काटा विषारी, म्हणून पक्कडीनं सोडवताना होडीत जागा नाही तिथे मी जागा केली.

बाराला पाणी थांबलं. होडीवाल्यानं डबा उघडून भात आणि बांगड्याचं तिखलं काढलं. आजच्या दिवसातलं सर्वात अचूक तंत्र मला हेच वाटलं.

मग पाणी फिरलं. होडीवाल्यानं रबरी शॅडला दहाऐवजी पंधरा ग्रॅमचं शिशाचं डोकं लावलं, "तळाक टेकाक होया," म्हणून मुळांच्या कडेला टाकायला लावलं, आणि तिसऱ्या उडीला तांबोशीनं शॅड गिळला. हा मासा शॅड तोंडात आला की थेट घराकडे पळतो. "ड्रॅग आवळा! आता शास्त्र नको!" भावोजींनी आवळला, रॉड कमानीसारखा वाकला, मी त्यांचा पट्टा धरला आणि होडीवाल्यानं होडी मागे ओढली. तिघांनी मिळून दीड किलोची तांबोशी वर घेतली. तांबूस, दांडगी, आम्हा तिघांवर स्पष्ट नाराज.

भावोजींनी तत्त्व म्हणून ती सोडली. होडीवाल्यानं आकाशाकडे बघितलं. सोडण्याआधी हात शक्य तितका कॅमेऱ्याकडे लांबवून फोटो मात्र झाला, आणि देवबागला रेंज येताच कुटुंबाच्या ग्रुपवर गेला.

पहिलं उत्तर काकांचं: "छान! केवढ्याला मिळाली?"

भावोजी फोन हातात धरून बसून राहिले. मी विचारलं, "काय कळवू? रील धरून, की रील सोडून?"