सात सूत, चौदा आटे

रिव्हॉल्व्हरची काडतुसं घरी भरली की पैसे वाचतात, असं अमेरिकेत रिलोडिंग करणारा प्रत्येक माणूस सांगतो. सांगताना तो गॅरेजमध्ये उभा असतो. त्याच्या पाठीमागचं भिंतभर मांडलेलं सामान बघितलं की वाचलेले पैसे कुठे गेले तेही समजतं.

हिशेब तसा खोटा नाही. काडतुसात महाग असते ती पितळी पुंगळी, आणि बार उडाल्यावरही ती हातात उरते. ठिणगी पाडणारा प्रायमर, दारू आणि गोळी नवी घातली की झालं. फक्त बार उडताना पुंगळी फुगते, म्हणून तिला दाबून मापात आणायचं, जुना प्रायमर ठोकून काढायचा, तोंड किंचित फाकवायचं आणि गोळी बसवून तोंड पुन्हा आवळायचं. ही कामं ज्या पोलादी साच्यांनी होतात त्या डाय. हँडगनसाठी त्यांचा तिघींचा किंवा चौघींचा संच मिळतो.

भारतात असले उद्योग मनाने सुरू केले तर १९५९चा शस्त्र कायदा आडवा येतो. परवान्याशिवाय काडतूस बनवायचं नाही. आम्ही राहतो पिट्सबर्गजवळ. इथे स्वतःपुरती भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायला काढली तरच लागतो. म्हणजे मी भरायला घेतली त्याला सरकारची हरकत नव्हती. हरकत रंगांची निघाली.

या धंद्यात प्रत्येक कंपनीचा रंग ठरलेला आहे. विस्कॉन्सिनमधल्या हार्टफर्डची ‘ली’ लाल, अॅरिझोनातल्या स्कॉट्सडेलची ‘डिलन’ निळी आणि ‘आरसीबीएस’ हिरवी. ही हिरवी कंपनी फ्रेड हंटिंग्टन या गृहस्थांनी १९४३मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलला सुरू केली. डोंगरातल्या ‘रॉक चक’ नावाच्या गुबगुबीत प्राण्याच्या शिकारीसाठी गोळ्या दाबायची डाय त्यांनी बनवली होती आणि कंपनीच्या नावातली पहिली दोन अक्षरं त्या प्राण्याचीच. एवढा मान त्या प्राण्याला मिळाला, पण तो कोणत्या कारणासाठी, हे त्याला कळलं नसावं.

आमचे शेजारी निवृत्त मशिनिस्ट. वय ऐंशीच्या घरात, पंथ हिरवा. “लाल डाय चालतात,” असं ते म्हणाले, पण ‘चालतात’ म्हणताना त्यांनी नाक असं उडवलं की मी विषय बदलला. रेंजवरचा पोरगा लालवाला. त्याचं म्हणणं असं, की लाल डबीत शेलहोल्डरसुद्धा फुकट येतो, बाकीचे त्याचे वेगळे पैसे घेतात. शेलहोल्डर म्हणजे पुंगळीची कड पकडणारा चिमुकला तुकडा. तो नसेल तर बाकीची यंत्रसामग्री शोभेची. ऑफिसातला सहकारी निळा. त्याला मी डायबद्दल विचारलं आणि त्याने मला हँडलच्या प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस टाकणारं यंत्र घ्यायला सांगितलं. निळ्या पंथात छोट्या प्रश्नाला छोटं उत्तर देत नाहीत.

गंमत अशी, की हे भांडण नुसतं डबीच्या रंगाचं आहे. यातल्या जवळजवळ सगळ्या डायना बाहेरून एकच आटे असतात: सात-अष्टमांश इंच व्यास, इंचाला चौदा आटे. आपल्या फिटरच्या भाषेत सात सूत. कुणाचीही डाय कुणाच्याही साध्या प्रेसमध्ये, म्हणजे हँडलने दाबायच्या यंत्रात, फिरवून बसवा, बसते. प्रतिस्पर्धी कंपन्यांमध्ये इतका सलोखा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. गिऱ्हाइकांमध्ये मात्र तो औषधाला नाही.

रंगातून सुटलो तो आकड्यांत अडकलो. माझं रिव्हॉल्व्हर .३५७ मॅग्नमचं, त्यात .३८ स्पेशलही चालतं. दुकानात दोघांसाठी एकच संच बघितला तेव्हा मला वाटलं, दुकानदार काहीतरी गळ्यात मारतोय. पण .३८च्या गोळीचा व्यास .३८ इंच नसतोच! तोही साधारण .३५७च. .३८ हे जुन्या जमान्यातलं पुंगळीच्या बाहेरच्या अंगाचं माप, ते नावाला चिकटून राहिलं. .४४ मॅग्नमची गोळी तर .४२९ भरते. .३८ स्पेशल १८९८च्या सुमाराचं आणि मॅग्नम १९३५चं. धाकट्याची पुंगळी थोरल्यापेक्षा .१३५ इंच लांब ठेवली, म्हणजे एक सूत आणि वर केसभर. हेतू हा, की जास्त दाबाचं काडतूस जुन्या, अशक्त .३८च्या रिव्हॉल्व्हरमध्ये शिरूच नये. एका सुताने किती जणांची बोटं वाचवली असतील!

खरा खल झाला तो धातूवर. प्रेस टेबलावर बसवल्यावर बायको बघायला आली आणि म्हणाली, “हा तर सोऱ्या आहे.” मग पुढचा प्रश्न, “आतून तेल लावायचं ना?” रिलोडिंगवरच्या जाडजूड पुस्तकांना जिथे पोचायला चार प्रकरणं लागतात तिथे ती भाजणीच्या वाटेने थेट पोचली. साध्या पोलादी डायमध्ये प्रत्येक पुंगळीला वंगण लावावंच लागतं. नाही लावलं तर ती आत रुतते आणि मग ती उपसून काढायचा वेगळा संच विकत घ्यावा लागतो. तो संचही डायवालेच विकतात, आणि दुकानात डायच्याच फळीवर टांगलेला असतो. यावर उपाय टंगस्टन कार्बाइडची कडी बसवलेली डाय. कार्बाइड इतकं कठीण आणि गुळगुळीत, की .३८सारख्या सरळ भिंतीच्या पुंगळीला तेलाचं बोटसुद्धा नको. पण ठिसूळ, शेलहोल्डर जोरात आपटला तर कडीला तडा जातो. किंमत जास्त पडते. बायकोने एकदा तेलकट पुंगळ्यांची परात डोळ्यांपुढे आणली आणि खर्चाला तिथल्या तिथे मंजुरी दिली.

शेवटची डाय आवळण्याची. नऊ मिलिमीटरचं काडतूस पिस्तुलात तोंडाच्या कडेवर टेकतं, म्हणून त्याचं तोंड आत वळवायचं नसतं, हलकं निमुळतं करायचं. रिव्हॉल्व्हरचं उलट. तिथे कड गोळीच्या खाचेत वळवायची, नाहीतर बाराच्या धक्क्याने शेजारच्या गोळ्या पुढे सरकतात आणि चक्रच अडतं. मी लाल संच घेतला, कार्बाइडचा, चार डायचा, आणि गोळी बसवायची डाय तेवढी शेजाऱ्यांना बरं वाटावं म्हणून हिरवी. ते येऊन बघून गेले. एकाच प्रेसवर दोन पंथांच्या डाय बघून त्यांनी कॉफी नको म्हटलं.

त्या उन्हाळ्यात काका आमच्याकडे आले होते. खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत, म्हणजे १८६९ पासून काडतुसं करणाऱ्या जागी, त्यांचा जन्म टूलरूममध्ये गेलेला. त्यांनी लाल-हिरव्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. कार्बाइडच्या कडीवर नख फिरवलं, “फिनिश बरं आहे,” म्हणाले आणि विचारलं, “इन्स्पेक्शन कोण करतं?”

“मीच.”

“आणि बनवतं कोण?”

“मीच.”

“आणि उडवतं?”

माझं उत्तर ऐकायला ते थांबलेच नाहीत. “सूनबाई, माझा चष्मा आण,” म्हणाले आणि स्टूल ओढून बसले. पुन्हा पुन्हा फाकवून आवळून पुंगळीच्या तोंडाला बारीक उभा तडा जातो, तो त्यांना दिव्याखाली वरच्यावर दिसायचा. तासाभरात रद्दीचा ढीग चांगल्यापेक्षा मोठा झाला.

“काका, अहो, यातल्या निम्म्या ठीक आहेत.”

“रिजेक्शन रजिस्टर कुठंय तुझं?”

नव्हतं. संध्याकाळी दुकानात जाऊन मी दोनशे पानी वही आणली. काकांनी पट्टी घेऊन रकाने आखले आणि ‘जबाबदार व्यक्तीची सही’ या रकान्यासाठी अर्धं पान राखून ठेवलं.