‘व्हेज’ची चिठ्ठी लावणाऱ्यांस



नाव घेत नाही, तुमचं तुम्हाला कळेल. न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळाच्या हॅलोवीन पार्टीला चाळीस ‘ग्रेव्हयार्ड कप’ तुम्हीच आणले होते. पारदर्शक ग्लासात चॉकलेट पुडिंग, वर काळ्या बिस्किटांचा भुगा म्हणजे स्मशानातली माती, त्यात उभं खोचलेलं लांबट बिस्कीट म्हणजे थडग्याचा दगड, शेजारी मार्शमेलोचं पांढरं भूत आणि मातीतून अर्धवट बाहेर आलेला लाल-हिरवा गमी किडा. ट्रेपुढे हिरव्या शाईतली चिठ्ठी : ‘व्हेज. नो बेक, नो एग.’ कोपऱ्यात पान काढलेलं, पानाला शिरासुद्धा काढलेल्या. शिरा काढायला तुम्हाला वेळ होता. गमीचं पाकीट उलटं करून वाचायला नव्हता.

माझ्या सासूबाई मंगळवेढ्याहून तीन महिन्यांसाठी आल्या आहेत. माळकरी आहेत. बत्तिसाव्या वर्षी गळ्यात तुळशीची माळ घातली, अकरा वेळा आळंदीहून पायी पंढरपूरला गेल्या. हाडांच्या सापळ्याचे कपडे घातलेला माझा सहा वर्षांचा मुलगा तुमचा कप घेऊन त्यांच्याकडे पळत गेला आणि म्हणाला, ‘‘आजी, किडा खा!’’ त्या हसल्या. तोंडात घालण्याआधी त्यांनी ग्लास हातात फिरवून पाहिला आणि मला विचारलं, ‘‘यावर हिरवा ठिपका कुठं असतो गं?’’ मी तुमच्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं. म्हटलं, ‘‘व्हेज लिहिलंय, खा.’’ अर्धा किडा नातवानं खाल्ला, अर्धा त्यांनी.

टेबल आवरताना कचऱ्याच्या पिशवीशेजारी रिकामं पाकीट सापडलं. घटकांच्या यादीत तिसरंच नाव जिलेटिन. मार्शमेलोच्या पिशवीवरही तेच.

जिलेटिन म्हणजे काय ते तुम्हाला सांगते, कारण फोनवर तुम्ही म्हणालात, ‘‘अहो, ते जेलीसारखं काहीतरी असतं.’’ डुकराची कातडी, गुरांची कातडी आणि हाडं आम्लात किंवा चुन्याच्या पाण्यात भिजत घालतात, मग गरम पाण्यात त्यातलं कोलॅजन उतरवतात. गाळून, आटवून, वाळवून जी पूड किंवा पापुद्रे उरतात ते जिलेटिन. रंग नाही, वास नाही, चव नाही. म्हणूनच ते सगळीकडे खपून जातं. तोंडाच्या उष्णतेला वितळतं, म्हणून गमी चघळताना तो लुसलुशीतपणा येतो. जर्मनीतल्या बॉन शहरात १९२२ साली हान्स रीगलनं गमीची अस्वलं काढली आणि १९८१ साली ट्रोली कंपनीनं गमीचे किडे आणले. मार्शमेलो मुळात त्याच नावाच्या झाडाच्या मुळांतल्या चिकापासून करायचे. आज दुकानात मिळणारा बहुतेक मार्शमेलो जिलेटिनवरच फुगलेला असतो.

आता तुमची चूक नेमकी कुठे झाली ते बघा. ओव्हन लावला नाही, अंडं फोडलं नाही, म्हणून पदार्थ शाकाहारी, असा तुम्ही हिशेब केलात. हा हिशेब इथल्या आपल्या पुष्कळ घरांत चालतो. केक घेताना आपण ‘एगलेस आहे ना?’ एवढंच विचारतो आणि उत्तर आलं की निश्चिंत होतो. वर फासलेल्या क्रीममध्ये काय, सजावटीच्या गोळ्यांवर काय, याची चौकशी नाही. लाल रंगासाठी वापरतात ते कारमाइन हे किडे वाळवून काढलेलं असतं. ते पाकिटावर नावानिशी लिहायची सक्ती अमेरिकेत २०११ पासून आहे, पण लिहिलेलं वाचणारं कोणी हवं. हॅलोवीनला वाडगे भरभरून ठेवतात त्या कँडी कॉर्नच्या पाकिटावरही जिलेटिन सापडतं, आणि त्याची चकाकी लाखेची असते.

भारतातून येणाऱ्या माणसाची नजर ठिपक्याला सरावलेली असते. तिथे प्रत्येक पाकिटावर शाकाहारी-मांसाहारी खूण कायद्यानं बंधनकारक आहे. इथे तसा कायदा नाही. जिलेटिन घातलं असेल तर ते यादीत लिहावं लागतं, पण डुकराचं की गुरांचं ते लिहावं लागत नाही. कोशरचा, म्हणजे ज्यूंच्या आहारनियमांचा, शिक्का दिसला म्हणून हायसं वाटून घेऊ नका. ते जिलेटिन माशाचं किंवा गुरांचं असू शकतं. म्हणजे सासूबाईंसारख्या माणसाला इथे ठिपका नाही, यादीतली बारीक इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत, आणि उरतो तो एकच आधार : वाढणाऱ्याचा शब्द. तो शब्द तुम्ही हिरव्या शाईत लिहून दिलात.

घरी आल्यावर मी त्यांना खरं काय ते सांगितलं. लपवलं असतं तर त्यांना कधीच कळलं नसतं, आणि मला ते जमलं नसतं. त्या काही बोलल्या नाहीत. मोरीत जाऊन चुळा भरल्या, माळ कपाळाला लावली, आणि दुसऱ्या दिवशी दिवसभर नुसत्या पाण्यावर राहिल्या. रात्री मला म्हणाल्या, ‘‘तू कशाला रडतेस? चिठ्ठीवर लिहिलं होतं ना.’’

तुम्हाला फोन केला तो त्यानंतर. तुम्ही म्हणालात, एवढ्याशा किड्यात असं किती असणार. मग म्हणालात, औषधाच्या कॅप्सूलही जिलेटिनच्याच असतात, त्या चालतात का? कॅप्सूल घ्यायची की नाही, हे सासूबाई डॉक्टरांना विचारून स्वतः ठरवतात, आणि गोळी मिळत असेल तर गोळीच मागतात. ठरवायचा तो हक्क त्यांचा. पार्टीत तुम्ही त्यांच्या वतीनं ठरवून मोकळे झालात. आणि शेवटी म्हणालात, ‘‘किडा काढून ठेवायचा होता.’’ चिठ्ठीवर ‘किडा सोडून व्हेज’ असं लिहिलं असतंत तर काढून ठेवलाही असता.

याच देशात हॅलोवीनला ज्या घरांच्या दारात निळसर-हिरवा भोपळा दिसतो, तिथे ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी गोळ्यांऐवजी खेळणं किंवा स्टिकर ठेवलेला असतो. २०१४ पासून ही पद्धत देशभर पसरली. अनोळखी मुलाला शेंगदाणा बाधू नये म्हणून लोक भोपळा रंगवतात. तुम्ही वापरलेल्या काळ्या बिस्किटांचीही गोष्ट ऐका. ओरिओच्या क्रीममध्ये पूर्वी डुकराची चरबी असायची. ती काढून वनस्पती तेल घातलं, आणि १९९७ साली त्या बिस्किटाला कोशरचा शिक्का मिळाला. कोशर पाळणारी माणसं पिढ्यानपिढ्या आत काय आहे ते विचारत राहिली. विचारायला ती लाजली नाहीत. आपण मात्र ‘कशाला उगाच चौकशी, वाईट दिसतं’ म्हणून गप्प बसतो.

पदार्थावर माझा राग नाही. मुलांसाठी हॅलोवीन करायलाच हवा. २०२४ साली नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच आली. सकाळी उटणं लावून अभ्यंगस्नान झालं आणि संध्याकाळी मुलं भुतं होऊन दारोदार हिंडली. आमच्या घरात दोन्ही मनापासून झालं. म्हणून पार्टीनंतरच्या रविवारी तोच कप मी पुन्हा केला, सासूबाईंना समोर बसवून, एकेक पाकीट त्यांना वाचून दाखवत.

चॉकलेटच्या इन्स्टंट पुडिंगचा एक छोटा खोका आणि दोन कप थंडगार दूध दोन मिनिटं फेटलं की पाच मिनिटांत घट्ट होतं. इथेही डोळे उघडे हवेत : जेल-ओ या एकाच नावाखाली दुकानात फळांच्या स्वादाची जेली मिळते ती जिलेटिनची, आणि शेजारच्याच फळीवरचं इन्स्टंट पुडिंग मक्याच्या स्टार्चवर घट्ट होतं. बिस्किटं जाड पिशवीत घालून लाटण्यानं चेचली. भुतासाठी फेटलेल्या क्रीमचा उंच गोळा टाकून चॉकलेटच्या दोन दाण्यांचे डोळे लावले.

राहिला किडा. तो चायना ग्रासचा केला, म्हणजे आपल्या आया उन्हाळ्यात ज्याची जेली लावायच्या तेच अगर-अगर, समुद्री शेवाळातून काढलेलं. दोन कप द्राक्षाच्या रसात दोन चमचे पूड, आणि सतत ढवळत दोन-तीन मिनिटं चांगली उकळी. नुसतं कोमट करून भागत नाही, पूड विरघळत नाही. लिंबू पिळायचं तर गॅस बंद केल्यावर. आंबटासकट उकळलं तर जेली ढिली पडते. वाकणाऱ्या मानेच्या प्लॅस्टिकच्या स्ट्रॉ जुडी बांधून उंच भांड्यात उभ्या केल्या आणि मिश्रण जरा निवल्यावर वरून ओतलं. फार थांबायचं नाही, चाळीस अंशांच्या आसपास ते धरायला लागतं. फ्रीजसुद्धा लागला नाही. मग एका टोकाकडून लाटणं फिरवत स्ट्रॉ दाबली की किडा सरकत बाहेर येतो, आणि वाकणाऱ्या मानेच्या वळ्या त्याच्या अंगावर उमटलेल्या असतात.

तो गमीसारखा चिवट होत नाही, दाताखाली कटकन तुटतो. काढताना काही मोडलेही. मोडलेले मातीत खुपसले की डोकं वर काढल्यासारखे दिसतात. पाऊण तास लागला. एवढा वेळ नसेल तर पेक्टिनवर केलेले गमी आणि जिलेटिन नसलेले मार्शमेलो इथल्या दुकानांत मिळतात. तेही जमणार नसेल तर ‘व्हेज’ लिहू नका. ‘जिलेटिन आहे’ एवढं लिहा. ज्याला चालतं तो खाईल, आणि कोणी तुम्हाला नावं ठेवणार नाही.

मंडळाच्या सगळ्यांना एक विनंती. पुढच्या पार्टीला जे आणाल त्याची रिकामी पाकिटं फेकू नका, ताटाशेजारी ठेवा. चिठ्ठी नसली तरी चालेल.

आणि तुम्हाला : सासूबाई अजून सहा आठवडे इथे आहेत. त्यांनी तुमच्याबद्दल एक शब्द वावगा काढलेला नाही. एकदा घरी येऊन त्यांना भेटा. चहा मी करीन, बोलायचं तुम्ही.

कळावे.

त्या माळकरी आजींची सून