धूसर तितकं सुंदर

कोल्हापूरच्या रंकाळ्यावर प्री-वेडिंगला येणाऱ्या जोडप्यांचं आणि त्यांच्या फोटोग्राफरांचं जाहीर अभिनंदन. याच गावात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. बिचाऱ्यांना सगळं दाखवायचं होतं. आपण आता पुढे गेलो आहोत.

आपल्याला हवी ५० एमएमची एफ १.८ लेन्स. एपीएस-सी कॅमेऱ्याला लावली की साधारण ७५ एमएमचं काम देते. लाखाच्या घरातली एफ १.२ घेतली तर उजेड सव्वादोन पट, पण एवढे पैसे कशाला? या स्वस्तातल्या लेन्सलाही मीटरभरावरून तीन सेंटिमीटरच धड फोकसमध्ये येतात. नथीतला मोती लखलखीत, नवरीचा कान धुक्यात, मागचा नवरदेव म्हणजे फेट्याएवढा भगवा ठिपका. तळ्यातला संध्यामठ काळपट गोळा. फोटोत रंकाळा हवा म्हणून रंकाळ्यावर यायचं आणि तो घालवायला काही हजार मोजायचे, याला कला म्हणतात.

शहराच्या कारभाऱ्यांनीही याची दखल घ्यावी. एफ १.८ला जलपर्णी हिरवी मखमल दिसते. तळं उपसत बसण्यापेक्षा घरटी एक लेन्स वाटावी. रस्त्यांच्या खड्ड्यांसाठी ८५ एमएमची खास तरतूद करावी.

पण आम्ही सांगायची गरजच उरलेली नाही. चौकातला वाढदिवसाचा डिजिटल फलक नीट पाहा. भाऊंच्या मिशीचा केस न् केस स्पष्ट आहे. मागचं कोल्हापूर तेवढं धूसर आहे.