नंबर कितवा आला?

सायकल खांद्यावर घेऊन चिखलातून पळायचं, वाटेत मुद्दाम रोवलेल्या फळ्यांवरून उड्या मारायच्या, पायऱ्या चढायच्या, पुन्हा टांग टाकायची आणि हे सगळं तासभर गोल गोल करत राहायचं, याला युरोपात सायक्लोक्रॉस म्हणतात. फ्रान्समध्ये १९०२ साली या प्रकाराची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. जागतिक स्पर्धा १९५०पासून होतात. फळी ४० सेंटिमीटरपेक्षा उंच असू नये, टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद असू नये, असे कडक नियम आहेत. आमच्या विक्रोळीच्या कन्नमवार नगरात इमारतीखाली चहा पिताना ही माहिती मी शेजारच्या काकांना दिली. काका म्हणाले, "म्हणजे रेल्वेचं फाटक बंद होतं तेव्हा आपण करत होतो तेच की."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. विक्रोळीचा उड्डाणपूल जून २०२५मध्ये सुरू झाला. त्याआधी फाटक बंद आणि पूल अर्धवट, अशा अवस्थेत आम्ही बरीच वर्षं काढली. पूर्वेकडच्या सायकलवाल्याला पश्चिमेला जायचं तर लिंक रोडचा वळसा घ्या, नाहीतर सायकल उचलून स्टेशनचा जिना चढा. सायक्लोक्रॉसवाले सायकल उजव्या खांद्यावर घेतात, म्हणजे तेलकट साखळी बाहेरच्या बाजूला राहते आणि शर्ट वाचतो. हे तंत्र मी पुस्तकात नाही, त्या जिन्यावर शिकलो. पुढे चढणाऱ्या एका पेपरवाल्याने मागे वळून सांगितलं, "उजवीकडे घ्या साहेब, घरी बोलणी बसतील."

बोलणी बसायची ती बसतातच. आमची इमारत जुनी म्हाडाची, लिफ्ट नाही. सायकल खाली ठेवली तर सकाळी फक्त कुलूप सापडेल, म्हणून ती रोज माझ्याबरोबर वर येते. "चपला दाराबाहेर काढायच्या आणि सायकल आत आणायची, हे कुठलं शास्त्र?" असं बायको विचारते. शास्त्र नाही, किंमत आहे. पण किंमत मी अजून घरात सांगितलेली नाही.

इंग्लंडात यॉर्कशरच्या लोकांना तासाभराचा चिखल पुरला नाही. १९६१पासून ते तीन डोंगरांवरून जाणारी ६१ किलोमीटरची सायक्लोक्रॉस शर्यत भरवतात. त्यात बराच वेळ सायकल माणसावर बसलेली असते. हे वाचून मला फार आपलेपणा वाटला. कारण मी लांब पल्ल्याच्या सायकलिंगच्या ज्या प्रकारात पडलो आहे, त्याला बीआरएम म्हणतात, आणि तो पावसाळ्यात केला की यॉर्कशरवाल्यांनी आपल्याकडे शिकायला यावं असा होतो.

बीआरएम ही शर्यत नव्हे, हे पहिल्याच ओळीत सांगावं लागतं आणि ते कोणालाही पटत नाही. १९०४ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या ऑडॅक्स क्लबचे हे नियम. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३००ला २० तास, ४००ला २७, ६००ला ४०. ही चारही अंतरं एकाच हंगामात पुरी करणाऱ्याला सुपर राँदनर म्हणतात. या सगळ्याच्या शेंड्यावर पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस आहे, १२०० किलोमीटर ९० तासांत, चार वर्षांतून एकदा. मूळ शर्यत १८९१ची. ती खरीखुरी शर्यत होती. आताच्या प्रकारात पहिला, दुसरा, तिसरा असं काही नाही. वेळेत पोचलात की झालं. फार लवकर पोचलात तरी पंचाईत, कारण वाटेतली हजेरीची चौकी ठरल्या वेळेआधी उघडतच नाही. माझ्यावर तशी वेळ आलेली नाही.

आता हे काकांना सांगून पाहा.

"नंबर कितवा आला?"

"नंबर नसतो काका."

"नसतो म्हणजे? शेवटचा आलास का?"

"शेवटचाही नसतो."

"मग मेडल?"

"मेडल असतं. त्याचे पैसे भरायचे, मग ते पॅरिसहून मागवतात."

काकांनी बशीतला चहा संपवला. त्यांची उभी हयात कारखान्यात गेली. दोनशे किलोमीटर सायकल मारून वर स्वतःच्याच बिल्ल्याचे पैसे भरणारा माणूस त्यांच्या हिशेबात बसेना. मी म्हटलं, तसा एक नंबर असतो. पॅरिसचा क्लब वेळेत पुऱ्या झालेल्या प्रत्येक राइडला नोंदणी क्रमांक देतो. माझा लांबलचक क्रमांक दाखवला. काका चष्मा वर करून बघत राहिले आणि हळहळले, "एवढ्या लोकांच्या मागे?"

माझा लाडका रस्ता कसाऱ्याचा. रेल्वेने विक्रोळी ते कसारा शंभर किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे गेलं आणि आलं की हिशेब सरळ. लोकल हेच अंतर दोन-सव्वादोन तासांत कापते, हे बायको प्रत्येक वेळी मला न चुकता सांगते. पहाटे हायवेवर निघायचं, मुलुंड, तीन हात नाका, माजिवडा, मग भिवंडी बायपास, पडघा, शहापूर, आटगाव, खर्डी. उन्हाळ्यात हा रस्ता तापतो, थंडीत देखणा असतो. जुलैत त्याला रस्ता म्हणणं हा केवळ प्रेमाचा भाग.

माजिवड्याच्या पुढे ट्रकच्या चाकांतून उडालेलं पाणी तोंडावर येतं. त्यात डिझेल, माती आणि कुठल्यातरी गावचा भाजीपाला अशी मिश्र चव असते. एकदा डायव्हर्जनचा बोर्ड होता, पण डायव्हर्जन पाण्याखाली. मी आणि माझ्यासारखेच दोन इसम सायकली उचलून दुभाजक ओलांडायला लागलो. ४० सेंटिमीटरचा नियम तो दुभाजक बांधणाऱ्याने वाचलेला नसावा. पलीकडे चिखल. आमच्या बुटांच्या तळाला पेडलमध्ये अडकवायची क्लीट असते. तिच्यात लाल माती गच्च बसली की बूट पेडलमध्ये शिरत नाही, नुसता घसरतो. मी टपरीच्या बाकड्यावर बसून किल्लीने माती उकरू लागलो. किल्ली वाकायला आली. तेव्हा टपरीवाल्या मावशींनी काही न बोलता खराट्यातून एक हीर ओढून दिला. हीर आत घालून फिरवला की मातीची अख्खी चकती साच्यातून निघावी तशी बाहेर येते. सायकलच्या दुकानात यासाठी वेगळा ब्रश मिळतो. त्याची किंमतही मी घरात सांगितलेली नाही.

मावशी म्हणाल्या, "कुठनं आलास रं?"

"विक्रोळीहून."

"लोकल बंद हाय का?"

चौकीवर आपण आलो होतो याचा पुरावा लागतो. आपल्याकडे बऱ्याचदा एटीएमची पावती चालते, तिच्यावर जागा आणि वेळ छापलेली असते. शिल्लकही छापलेली असते. त्यामुळे माझ्या तब्येतीपेक्षा माझ्या महिनाअखेरीची माहिती संयोजकांना जास्त आहे. एका खेपेस यंत्रातला कागद संपलेला. मग पेट्रोल पंपावर गेलो.

"बिल पाहिजे."

"किती लिटरचं?"

"पेट्रोल नको. बिल हवं."

पंपावरच्या पोराने माझ्याकडे, मग सायकलकडे, मग टाकी कुठे आहे ते बघितलं. बिल द्यायला त्याने साफ नकार दिला, पण पॅरिसच्या क्लबच्या हजेरीच्या कार्डावर पंपाचा शिक्का मारला, वेळ टाकली, सही केली आणि नंतर भानगड नको म्हणून बाजूला लिहिलं : 'पेट्रोल दिलेले नाही.' ते कार्ड माझ्या संग्रहातलं सर्वांत मौल्यवान आहे.

मी खडतर वगैरे शब्द वापरत नाही, कारण नाशिकच्या बाजूला तोंड करून तसं बोलायची सोय नाही. तिथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी 'रॅम' ही शर्यत जोडीने पुरी केली. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच एकट्याने, बारा दिवसांच्या आत केली, अंतर ४८०० किलोमीटरच्या घरात. त्यांच्यामागे मोटारीत खाऊ घालणारी, जागं ठेवणारी माणसं होती. बीआरएमच्या नियमात चौकीखेरीज कोणाची मदत घेता येत नाही. म्हणून शहापूरच्या अलीकडे स्कूटरवरून जाणारा सज्जन "बसा मागे, सायकल धरा हातात" म्हणतो, तेव्हा चढावर त्याला नकार देताना गळा भरून येतो. तो चिडतो. त्याच्या दृष्टीने मी माजलेला असतो.

कसारा घाट मात्र कोणाशी बोलू देत नाही. धुक्यात पुढच्या ट्रकचा लाल दिवा तेवढा दिसतो, आणि त्या ट्रकचा वेग आणि माझा वेग यांत पायी चालण्याइतकाही फरक नसतो. एका ड्रायव्हरने क्लीनरला खिडकीत बसवून माझी सोबत करायला लावली. क्लीनरने वळणावळणावर एकच प्रश्न विचारला : पगार किती मिळतो याचा? मिळत नाही, उलट प्रवेश फी भरली आहे, हे ऐकून त्याने आत जाऊन ड्रायव्हरला सांगितलं. ट्रकने वेग वाढवला.

परतीला पाठ बोलते, मनगटं मुंग्यांनी भरतात आणि बसायच्या जागेविषयी ललित मासिकात लिहिता येत नाही. मुलुंड आलं की घर आल्यासारखं वाटतं आणि तिथेच पाय संपतात. राहिलेले थोडे किलोमीटर विक्रोळीचा माणूस केवळ हट्टाने मारतो. मग तीन मजले, उजवा खांदा.

तेव्हा हायवेवर पहाटे किंवा रात्री रिफ्लेक्टर जॅकेट घातलेला, लाल दिवा लुकलुकणारा एखादा मध्यमवयीन इसम डुलत चाललेला दिसला, तर दीड मीटर अंतर सोडून जा. कानाशी हॉर्न वाजवू नका, डिप्पर दिलात तरी त्याला कळतं. चहाला थांबला असेल तर केळं द्या, पाणी द्या. चौकीवर असेल तर तेही नियमात बसतं. फक्त नंबर विचारू नका.